शिंपल्याची तावदानं

१६७३ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा मुंबई म्हणजे माडांच्या गर्दीतल्या काही वस्त्या एवढंच होतं. पोर्तुगिजांनी बेट इंग्रजांच्या ताब्यात देऊन जेमतेम आठ वर्षं लोटली होती. बहुतेक घरांवर झावळ्यांचं छप्पर असे. कौलं दिसत ती मोजक्या पोर्तुगीज घरांवर, कंपनीच्या इमारतींवर, जकातघरावर आणि वखारींवर. या परदेशी डॉक्टरची नजर तिथल्या खिडक्यांवर खिळली. त्यांत काच नव्हती. चौकोनी कापून घासूनपुसून गुळगुळीत केलेले शिंपले बसवलेले होते, आणि ते दिसायला चांगले दिसतात, अशी पावतीही त्याने आपल्या प्रवासवर्णनात देऊन ठेवली. पुढे सुरतेतही त्याला कोरीव लाकडी जाळ्यांमधून अभ्रकाचे, हस्तिदंताचे आणि सर्वांत जास्त शिंपल्यांचेच तुकडे बसवलेले आढळले.

मुंबईचं हे रूप आज कुणाच्या आठवणीत नाही. या शहराच्या सुरुवातीच्या खिडक्यांमधून आत येणारा उजेड मोतिया रंगाचा होता, हे सांगितलं तरी लोकांना नवल वाटतं. पण पश्चिम किनाऱ्यावर ती रीत फ्रायरच्याही आधीपासून रुजलेली होती. फ्रेंच खलाशी फ्रांस्वा पिरार १६०२ मध्ये मालदीवजवळ जहाज फुटून अडकला आणि बरीच वर्षं भटकत, कैदेत काढत १६०८ मध्ये गोव्याला पोहोचला. तिथल्या रुग्णालयात तो बरा झाला. त्या रुग्णालयाचं त्याने तोंड भरून कौतुक केलं आहे. गोव्याच्या घरांबद्दल लिहिताना त्यानेही हीच गोष्ट टिपली: इथे काचेऐवजी पातळ, घासलेले शिंपले लाकडी चौकटीत बसवतात.

हा शिंपला साधा नाही. शास्त्रीय नाव प्लाक्युना प्लासेंटा. आकाराने जवळजवळ गोल आणि इतका चपटा की आतल्या प्राण्याला जागा कुठे असेल असा प्रश्न पडावा. तळहाताएवढा तर सहज वाढतो, कधी त्याहूनही मोठा. खाडीच्या तळाच्या चिखलात तो आडवा पडून राहतो. गोव्यात जुवारी नदीच्या मुखाजवळची चिखली ही त्याची ओळखीची जागा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या वर्णनांत या शिंपल्यांना ‘कारेपास’ म्हटलेलं आढळतं. फिलिपिन्समध्ये त्याला ‘कापिझ’ म्हणतात. तिथल्या जुन्या घरांच्या सरकत्या खिडक्यांत त्याचेच लहान चौकोन ओळीने बसवलेले असतात आणि त्याच नावाचा एक प्रांतही तिथे आहे. दक्षिण चीनमध्येही ही तावदानं होती. मकाव या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीत चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या वाड्यांमधून ती अजून पाहायला मिळतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी या शिंपल्याचा बारकाईने अभ्यास केला. त्याचा सुमारे ९९ टक्के भाग कॅल्साइट, म्हणजे खडूत असतं तेच खनिज. उरलेला एक टक्का सेंद्रिय. हे सगळं अतिशय पातळ थरांवर थर रचून बनलेलं असतं. त्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश तो आरपार जाऊ देतो आणि तरीही ठोका बसला तर तडा सगळीकडे पसरत नाही, मार बसल्या जागीच जिरतो. नुसत्या कॅल्साइटच्या मानाने मार पचवण्याची त्याची ताकद जवळपास दहापट भरली. गोव्यातल्या सुतारांना ही आकडेमोड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण पावसाळी वाऱ्यात झडप आपटली तरी शिंपला फुटत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तावदान करण्याची रीत साधी आणि हुशारीची. शिंपला चौकोनी किंवा आयताकार कापायचा. लाकडाच्या अरुंद पट्ट्यांना दोन्ही कडांनी खाचा पाडायच्या आणि त्या पट्ट्या चौकटीत उभ्या ठेवायच्या. दोन पट्ट्यांमधल्या खाचांतून शिंपले एकापाठोपाठ एक सरकवायचे. घरावरच्या कौलांसारखं वरच्याने खालच्यावर थोडं चढायचं, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूने निथळून जातं. खिळा नाही, सरस नाही. एखादा शिंपला काळा पडला किंवा तुटला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. अशी खिडकी जवळून पाहिली की तिच्या तुकड्यांतला फरक कळतो: प्रत्येक तुकडा वितीहून लहान, प्रत्येकाची छटा वेगळी, कुठे थोडा पिवळसर, कुठे दुधी, कुठे समुद्राच्या फेसासारखी चकाकी. बाहेरचं माणूस किंवा झाड यातून दिसत नाही. दिसतो फक्त उजेड, तोही चटका बसू न देणारा. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये मे महिन्याच्या भर दुपारी शिरलं, तर बाहेर डोळे मिटायला लावणारं ऊन आणि आत मात्र सकाळचे सात वाजल्यासारखा शांत प्रकाश, असा अनुभव येतो, तो याच तावदानांमुळे.

मग प्रश्न पडतो, काच का नव्हती? नेहमीचं उत्तर असं की काच महाग होती आणि जहाजातून येताना फुटायची. दोन्ही खरं आहे. त्या काळात युरोपातही खिडकीची काच फुंकून आणि गरगर फिरवून केलेल्या तबकडीतून कापत, त्यामुळे मोठा तुकडा मिळणंच कठीण असे. इंग्लंडमध्ये तर १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर आकारत आणि मधली शंभर वर्षं, १७४५ ते १८४५, काचेवर वेगळं शुल्कही होतं. अशी वस्तू केप ऑफ गुड होपला वळसा घालून सहा-सहा महिने हेलकावे खात आणायची, तीही दारातच समुद्रातून शिंपला फुकट मिळत असताना, हे कुणी करायचं?

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. काच ही थंड मुलखाची गरज होती. उत्तर युरोपात खिडकी मोकळी सोडली तर घर गारठतं, बंद केली तर अंधार होतो, या पेचातून काचेने सोडवणूक केली. ऊन आत येऊ द्यायचं, ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हे काचेइतकं कुणालाच जमत नाही. सूर्याचं ऊन तिच्यातून सरळ आत शिरतं, फरशीला, भिंतींना, सामानाला तापवतं. या तापलेल्या वस्तू जी उष्णता परत फेकतात, ती मात्र काच अडवून धरते. थंडीच्या देशात हे वरदान आहे. कोकणपट्टीत, जिथे वर्षाचे आठ महिने घामाने सदरा ओला होतो, तिथे नेमकी हीच गोष्ट नको असते. गोव्यातल्या घराला चार गोष्टी हव्या होत्या: उजेड यावा, झुळूक यावी, ऊन येऊ नये आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस आत घुसू नये. हे चार वेगवेगळे हट्ट आहेत. जुन्या कारागिरांचं शहाणपण असं की त्यांनी प्रत्येक हट्ट पुरवायला वेगळा भाग केला. उजेडाला शिंपले. वाऱ्यासाठी उघडी झडप किंवा आडव्या तिरक्या पट्ट्यांची झिलमिली. उन्हाला रुंद वळचण आणि पुढची ओसरी, जिला गोव्यात बल्कांव म्हणतात. पावसाला आतली लाकडी दारं. दिवसाच्या ज्या प्रहरी जे हवं तेवढंच उघडायचं.

मराठीतल्या खिडकीच्या शब्दांतही हे वाटप जपलेलं दिसतं. संस्कृतातला गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, गोल झरोका. इंग्रजीतली ‘विंडो’ जुन्या नॉर्स भाषेतून आली आणि तिथे तिचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा होता, हे जुळणं गमतीचं आहे. तावदान हा फारसीतून आलेला शब्द, मुळात उजेडासाठी ठेवलेलं भोक. काच घरोघरी आली तसा तो शब्द हळूहळू काचेला चिकटला. आता तावदान म्हटलं की काचच डोळ्यांपुढे येते. गोव्याच्या कोकणीत खिडकीला जनेल म्हणतात, पोर्तुगीज ‘जानेला’वरून. आणि खिडकी शब्दाचा जुना अर्थ लहान दार असाही होतो. शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचं नावच खिडकी दरवाजा आहे.

घाटावरच्या वाड्याने हे कोडं वेगळ्या वाटेने सोडवलं. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्यापासून ते दुसऱ्या बाजीरावाच्या १८०७ च्या विश्रामबागवाड्यापर्यंत, घराने तोंड आत चौकाकडे वळवलेलं. उजेड चौकातून, वारा चौकातून, पावसाचं पाणीही चौकातच. रस्त्याकडच्या तळमजल्याला जाड भिंती आणि मोजक्या खिडक्या. वरच्या मजल्यावर मात्र कोरीव खांबांची, महिरपींची लाकडी बाजू रस्त्यावर झुकलेली. पेशव्यांच्या घरी काच नव्हती असं नाही. हंड्या होत्या, झुंबरं होती, शनिवारवाड्यात आरसेमहालही होता. पण ती काच दिवाणखान्यात मिरवण्याची. उन्हातान्हात भिंतीच्या भोकात बसवण्याची ती वस्तू नव्हे, असंच तेव्हाच्या लोकांनी मानलेलं दिसतं. पुण्याच्या कोरड्या हवेत जाड भिंतीने दिवसभर ऊन पोटात घेऊन रात्री सोडून द्यायचं, हे चालतं. दमट किनाऱ्यावर चालत नाही. तिथे वाऱ्याचा झोत अंगावरून जायलाच हवा, नाहीतर घाम सुकत नाही. म्हणून एकाच मराठी मुलखात घाटावर खिडकी लहान राहिली आणि घाटाखाली मोठी होत गेली.

गोव्यात ती सर्वांत मोठी झाली एकोणिसाव्या शतकात. साथींनी उजाड होत गेलेलं जुनं गोवा मागे पडून १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. बार्देश, तिसवाडी, साष्टीतल्या सधन घराण्यांनी दर्शनी बाजू नटवायला घेतली. आता खिडकी नुसती खिडकी राहिली नाही. ती जमिनीपर्यंत खाली उतरली, दोन उभ्या झडपांचं दार झाली आणि तिच्यापुढे हातभर रुंदीचा कठडा आला, कधी लाकडी, कधी ओतीव लोखंडाचा. वर अर्धगोल किंवा टोकदार कमान. सगळ्या झडपा उघडल्या की दिवाणखाना अर्धा रस्त्यावर आल्यासारखा. अनेक घरांत बाहेरच्या झडपेला शिंपले आणि आतल्या झडपेला सलग लाकूड असे. दुपारी बाहेरची मिटायची, संध्याकाळी दोन्ही उघडायच्या, जुलैच्या रात्री दोन्ही लावून अडसर घालायचा. कमानींत हळूहळू निळी, तांबडी, हिरवी काच आली. पणजीच्या फोंतायन्हासमध्ये चालत गेलं तर एकाच गल्लीत ही सगळी पायरी-पायरीने झालेली वाढ दिसते: इथे पूर्ण शिंपला, तिथे अर्धा शिंपला अर्धी काच, पुढे सगळी काच. तोर्डा इथे वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेल्या ‘हाउसेस ऑफ गोवा’ या संग्रहालयात अशा दारं-खिडक्यांचे नमुने एकत्र पाहायला मिळतात. घर बांधायच्या तयारीत असलेल्या माणसाने दुकानात जाण्याआधी अर्धा दिवस तिथे काढावा, असं आवर्जून सांगावंसं वाटतं.

मुंबईत मात्र शिंपला लवकर विसरला गेला. इंग्रजांच्या बंगल्यांना झिलमिलीच्या झडपा आल्या, दारांना वाळ्याचे पडदे आले, त्यांवर पाणी शिंपडत बसणारी माणसं आली. गरिबांच्या चाळींत खिडकी असली तरी ती समोरच्या भिंतीवरच उघडत होती. १८९६ च्या प्लेगने ते चव्हाट्यावर आणलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी उजेडाचं एक मापच ठरवून टाकलं: खोलीच्या खिडकीसमोरची इमारत इतकी दूर हवी की उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आत उतरू शकेल. खिडकी बांधून भागत नाही, तिच्यापुढचं आकाशही राखावं लागतं, हे मुंबईला त्या वेळी आकड्यात सांगावं लागलं. हा आकडा आज फार कमी लोकांना माहीत आहे, आणि याचं वाईट वाटतं.

तोवर खिडकीची काच जहाजं भरभरून बेल्जियमहून येऊ लागली होती. बेल्जियमच्या आरशाचं नाव मराठी घरांत अजून निघतं, ते उगाच नाही. स्वदेशीच्या चळवळीत या आयातीला उत्तर द्यायची धडपड महाराष्ट्रातच झाली. अंताजी दामोदर काळे यांनी पै-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. कारखान्याची धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचविद्या शिकून आलेले होते. पुढे त्यांनी उत्तर भारतात बहजोईला कारखाना काढला आणि तिथे खिडकीची सपाट काच होऊ लागली. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. कंदिलाची काच मराठी माणसाने अशी स्वतः फुंकली. खिडकीची सपाट काच मात्र तो बराच काळ विकतच घेत राहिला.

खरी उलथापालथ १९५९ मध्ये झाली. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलाच्या कुंडावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट काच करण्याची कृती जाहीर केली. घासायला नको, चकचकीत करायला नको, आणि मोठमोठे तावे सलग निघतात. १९९० च्या दशकात अशी काच भारतात होऊ लागली, त्यातला एक कारखाना नवी मुंबईजवळ तळोज्यात. पाठोपाठ अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आणि दहा-पंधरा वर्षांत किनाऱ्यावरच्या घरांचा चेहरा पालटला. झडप गेली, झिलमिली गेली, वळचण आखूड झाली. भिंतीएवढा काचेचा दरवाजा हे नव्या घराचं ब्रीद झालं.

इथे हिशेब सांगणं भाग आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी घेतली तरी एका वेळी निम्मीच उघडते, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जाऊन बसतो. बिजागरीवरची जुनी झडप पूर्ण चौकट मोकळी करते. साधी एकपदरी काच तिच्यावर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी चार-पंचमांशाहून जास्त आत घेते. आतून पडदा ओढला तरी ऊन काचेच्या आत आलेलंच असतं, ते खोलीतच जिरतं. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. आणि दिशा पाहायची. गोव्यात मेच्या सुरुवातीला आणि मुंबईत मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा हातभर छज्जाही पुरे होतो. त्रास देतो तो सकाळ-संध्याकाळचा तिरका सूर्य. तो कुठल्याच छज्ज्याला जुमानत नाही, संध्याकाळी तर सरळ पश्चिमेच्या काचेतून पलंगापर्यंत येतो. नेमकी समुद्राची झुळूकही पश्चिमेचीच, आणि पावसाचा मारही तिकडूनच.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचं घराणं मूळ गोव्याचं. मुंबईत पेडर रोडवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या कांचनजंगा इमारतीपुढे हाच पेच होता: वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेला, तापदायक ऊन आणि पाऊसही तिथेच. त्यांनी काच दर्शनी भिंतीवर आणून लावली नाही. कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या सज्ज्याच्या खोल जागा काढल्या आणि घराच्या खिडक्या त्यांच्या आत नेऊन ठेवल्या. बंगल्याची ओसरी त्यांनी ८४ मीटर उंचीवर नेली, असं म्हणता येईल. शासनालाही हा विषय हाती घ्यावा लागला. २०१८ च्या इको निवास संहितेने घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने खिडक्यांचा उघडणारा भाग किती असावा याची किमान मर्यादा हवामानानुसार ठरवून दिली. काच किती, याच्याइतकंच उघडतं किती, हेही आता मोजलं जातं.

शिंपला मात्र परत येणार नाही, निदान पूर्वीसारखा नाही. २००१ मध्ये या प्राण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळालं. चिखलीच्या खाडीतून पाट्या भरभरून काढून खिडक्या करण्याचे दिवस संपले, आणि ते योग्यच झालं. जी तावदानं उरली आहेत तीच सांभाळायची आहेत. पावसाळा संपला की जुन्या घरात कुणीतरी झडप उतरवून जमिनीवर आडवी ठेवतं, खाचेतला भुसा आणि वाळवीची माती कुंच्याने काढतं. सैल झालेल्या दोन पट्ट्यांमधून तडा गेलेला शिंपला वर सरकून बाहेर येतो. पडक्या घरातून जपून ठेवलेला दुसरा त्याच खाचेतून खाली उतरतो, आधीच्याच्या जागी, खालच्यावर बोटभर चढून.